हवालदार नाथाजींचा खांदा

"एका डागदराला दुखणं पटवायचं, त्यात काय अवघड हाय? सतरा वर्षं पलटणीत काढल्यात मी!" निवृत्त हवालदार नाथाजींनी छाती फुगवून जाहीर केलं. छातीच फुगवली, कारण उजवा हात काही केल्या उचलवत नव्हता!

त्याचं असं झालं. इस्लामपूरच्या बाजारात नाथाजी आपल्या सेकंडहँड फियाटमध्ये मिशीला पीळ देत बसले होते, आणि दुधाचा एक टेम्पो मागं बघायची तसदी न घेता मागं आला. दाराला पोचा, खांद्याला मुका मार. टेम्पोच्या विमा कंपनीनं कळवलं, सांगलीला आमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखापत खरी निघाली तर मिरजेच्या दवाखान्यातला शेक आणि व्यायाम आमच्या खर्चानं.

नाहीतर? नाहीतर शिराळ्याचा हाडवैद्य बिराप्पा! पत्नी विजयमालाबाईंच्या माहेरचा माणूस, त्यामुळे फुकट. बिराप्पा बरगडीवर पाय देऊन हात ओढायचा. नाथाजी गोळीबाराला कधी भ्याले नव्हते, पण बिराप्पाचं नाव काढलं की त्यांना दरदरून घाम फुटे.

अडचण एकच होती. पलटणीत मेडिकलला 'दुखतंय' म्हणणाऱ्याला घरचा रस्ता दाखवतात, म्हणून तो शब्द नाथाजींच्या तोंडून निघतच नसे. मग विजयमालाबाईंनी चार दिवस तालीम घेतली. स्वतः डॉक्टर होऊन खुर्चीत बसायच्या.

"दुखतंय का?"

"काय विशेष न्हाई."

"आवं, दुखतंय म्हणा की!"

"जरा..."

"जरा म्हणून भागतंय व्हय? बिराप्पाला सांगावा धाडू?"

"दुखतंय! लय दुखतंय!"

चौथ्या दिवशी नाथाजी इतकं सुरेख कण्हू लागले की शेजारच्या आक्काताई हळद उगाळून घेऊन धावत आल्या!

सांगलीला विजयमालाबाई बाहेर बाकावर बसल्या आणि नाथाजी कण्हत कण्हत आत शिरले. टेबलामागं पांढऱ्या झुबकेदार मिशा, ताठ मान, आणि भिंतीवर वर्दीतला फोटो. डॉक्टर रिटायर्ड मेजर निघाले!

झालं! टाचा खाडकन जुळल्या, आणि आठ दिवस न उचललेला हात सर्रकन कपाळाला लागला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"कोई तकलीफ, हवालदार?"

"नहीं, साब!"

"हाथ उठता है?"

"उठ गया, साब!"

"दर्द?"

"बिलकुल नहीं, साब! एकदम फिट!"

मेजरसाहेब खूश झाले. असा जवान बघून वर्षं लोटली म्हणाले, आणि कागदावर 'फिट' लिहून झोकात सही ठोकली.

नाथाजी बाहेर आले ते नवरदेवासारखे. "आगं, पास झालो! ह्या वयात फिट!"

विजयमालाबाई बाकावरून उठल्या. "पास? आवं, आपुन नापास व्हायला आलो हुतो! आन त्यो हात घ्या आता खाली."

"त्योच तर येत न्हाई," नाथाजी हळूच म्हणाले.

खरंच येईना! हात कपाळालाच अडकून बसला होता. दारावरच्या वॉचमननं उठून उलट सलाम ठोकला. रस्त्यात शाळेची एक अख्खी रांग सावधानमध्ये उभी राहिली. नाथाजींना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बाईंनी त्यांना तसंच एसटी स्टँडवर नेलं आणि खिडकीत विचारलं, "शिराळ्याची गाडी कवा हाय?"

कंट्रोलरनं मान वर केली. नाथाजींना बघून लगबगीनं टोपी चढवली आणि ताडकन उभा राहिला.

"लागलीया, साहेब! तुमी बसल्याबिगर गाडी हलू देत न्हाई!"