मजकुरात न मावणारं अंतर

कासारवेळ नगरपरिषदेत प्रत्येक कुटुंब दोनदा ठेवलेलं असतं, एकदा मजकुरात आणि एकदा चित्रात, जिथे माणूस म्हणजे चौकोन आणि नातं म्हणजे रेघ. एकात बदल केला की दुसरं आपोआप जुळतं, आणि पाठोपाठ घरही. यात आजवर कुणाला वावगं वाटलेलं नाही.

मजकूर बदलला की चित्र नव्याने आखलं जातं, सगळे चौकोन सारख्या अंतरावर. हे कुमुदताईंना कुणी सांगितलं नव्हतं. नवरा, अच्युतराव, निवृत्त झाल्याची ओळ त्यांनी हौसेने मजकुरात घातली आणि फसल्या. जाणती माणसं एवढ्यातेवढ्याला चित्रातच हात घालतात. संध्याकाळी कुमुदताई घरी येऊन बघतात तर नवऱ्याची खाट घराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तो त्यांच्याशी परक्यासारखा अदबीने बोलतोय.

खिडकीवरचे कारकून टेंभे यांनी समजावलं, की नातं शाबूत आहे, रेघ तुटलेली नाही. लांब झालीय, कुमुदताई म्हणाल्या.

"लांबी मजकुरात येत नाही, काकू. चित्रात हाताने सरकवा. पण एका खेपेला बोटभरच."

मग दर सोमवारी जाऊन त्या नवऱ्याचा चौकोन बोटभर जवळ आणत राहिल्या. पावसाळा सरला, थंडी सरली. एका सकाळी चहा पिता पिता अच्युतराव म्हणाले, "कुमे, साखर कमी पडली गं." कुमुदताई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

त्याच आठवड्यात लेक मृदुला बाळंत झाली. जन्म मजकुरातच लिहावा लागतो. कुमुदताईंनी आज-उद्या करत नोंद लांबवली, कारण पुन्हा बोटबोट जवळ यायला आता वेळच नव्हता. डॉक्टरांनी अच्युतरावांना जेमतेम महिना दिला होता. पण बाळापर्यंत रेघच नाही म्हटल्यावर मृदुलाला पान्हा फुटेना. बाळ रडायचं, तेही कुणाला ऐकू येत नव्हतं. नुसतं तोंड उघडं दिसायचं.

ते उघडं तोंड बघवेना, तेव्हा कुमुदताई उठल्या आणि टेंभ्यांच्या खिडकीशी जाऊन ओळ लिहून आल्या.

परतताना बाळाचं रडणं कोपऱ्यापासूनच ऐकू आलं. घराच्या त्या टोकाला अच्युतराव हात जोडून उभे राहिले.

"अभिनंदन. आपण बाळाच्या आजी ना?"

"हो. आणि आपण आजोबा," कुमुदताई म्हणाल्या.

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, आणि कुणाच्या मध्ये येऊ नये म्हणून आपली खुर्ची आणखी थोडी मागे घेतली.