पाय

“मी खेळताना मधे लुडबुडायचं नाही. हलायचं नाही, खोकायचं नाही. तिथे तळ्याकाठी बसा,” पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंनी नवऱ्याला बजावलं. घड्याळजी मुकाट्याने उतारावर पाय पसरून बसले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, स्थिर बसणं त्यांच्या हाडातच होतं.

डिस्क गोल्फ म्हणजे चकती फेकत फेकत शेवटी साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. पुढच्या आठवड्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. अंतिम फेरीत समोर असलेल्या दातांच्या डॉक्टरांना हरवून चषक जिंकायची ही शेवटची संधी होती. बाईंनी आपला डाव सुरेख संपवला. आता मदार डॉक्टरांच्या फेकीवर.

डॉक्टरांची चकती टोपलीवरून पुढे गेली, चाकासारखी कडेवर उभी राहिली आणि उतारावरून गडगडत तळ्याकडे निघाली. पाण्यात पडली की दंड, आणि चषक बाईंचा! चकती घड्याळजींच्या बुटावर आपटली आणि तिथेच आडवी झाली.

घड्याळजींनी बोटसुद्धा हलवलं नव्हतं.

“बाई, हा पाय नसता तर गेलीच होती. चषक तुमचा,” डॉक्टर म्हणाले.

“असं कसं? चालती चकती माणसाला लागली तर थांबेल तिथून खेळायची. खेळा.”

डॉक्टर खेळले. साखळ्या खळखळल्या.

“मानलं बुवा तुम्हाला!” डॉक्टर घड्याळजींना म्हणाले. “दुसऱ्या कुणी हळूच पाय काढून घेतला असता. स्वतःची बायको हरत असताना...” लोकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळजी उठलेदेखील नाहीत. केवढा हा विनय, असं सगळ्यांना वाटलं.

सगळे पांगल्यावर बाई शेजारी येऊन बसल्या.

“नियमाने बरोबरच वागलात. पण इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्या बाजूने चुकायचं होतं.”

“अगं, पायाला मुंग्या आल्यात.”

“कधीपासून?”

“तू हलू नको म्हणालीस, मी हललोच नाही. चकती येताना दिसली तेव्हा जीव खाऊन ओढत होतो. पाय ऐकेल तर ना!”

“म्हणजे... लबाडी करणार होतात? तुम्ही?”

“करतच होतो.”

बाईंनी त्यांचा बूट काढला, पाय मांडीवर घेतला आणि तळवा चोळायला लागल्या.

“डॉक्टरांपाशी यातलं एक अक्षर बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तेवढा चषक जिंकलेल्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही नव्हता.