वर्षाराणी चालत दिसल्या

वर्षाराणींच्या छातीत दुखत होते आणि अँजिओग्राफीत एकही ब्लॉक सापडला नाही. त्या आनंदात त्यांचे यजमान आकाराम यांनी गल्लीत पेढे वाटले. दुखणे थांबले नाही. पण पेढे वाटून झाल्यावर त्याला अधिकृत दर्जा उरला नाही.

डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, पण बारीक वाहिन्या हव्या तेव्हा नीट उघडत नाहीत. गोळ्या घ्या आणि रोज चाला. दमानं सुरू करा, हळूहळू वेग वाढवा. चालणं हे औषधच समजा."

औषध रंकाळा तलावाच्या काठी सुरू झाले. जरा कुठे धाप लागतेय, तोच शेजारचा पृथ्वीराज मोटारसायकल आडवी घालून उभा राहिला.

"काकी, चालत? गाडी बिघडली काय?"

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय रे."

"मग बसा की. डॉक्टरकडंच सोडतो."

कोल्हापुरात ओळखीच्या माणसाला पायी जाऊ देणे हा अपमान असतो. नेमका कुणाचा, हे ठरलेले नसल्याने सगळेच तो टाळतात. लग्नानंतर बसल्या नव्हत्या इतक्या गाड्यांवर वर्षाराणी त्या आठवड्यात बसल्या. छाती दुखतच होती.

आकारामना वेगळेच दुखू लागले. "माणसं म्हणत्यात, आकारामनं गाडी इकली. उद्यापासनं मी मागनं गाडी घेऊन येतो. दिसू दे सगळ्यास्नी."

सगळ्यांना दिसले. बायको पुढे पायी, नवरा मागे पहिल्या गिअरमध्ये, आणि बोलणे नाही. भावकी काय ते समजली. संध्याकाळी समेट घडवायला वडीलधारी मंडळी घरी आली. त्यांचा चहा करताना वर्षाराणींचा हात छातीकडे गेला.

"किती मनाला लावून घेतलंय पोरीनं," गुंडूतात्या म्हणाले. "आकाराम, हिला आता घराभाईर चालू द्यायचं न्हाय."

"भांडण न्हाय वो तात्या. छातीतल्या बारीक नळ्या आखडत्यात. चाललं की बरं वाटतंय," वर्षाराणी म्हणाल्या.

"रिपोर्ट क्लीन हाय न्हवं? पेढा खाल्लाय मी."

दुसऱ्या दिवसापासून वर्षाराणी सनकोट चढवून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, भाजीच्या निमित्ताने परक्या पेठेत चालू लागल्या. महिना-दीड महिन्यात जिना चढताना थांबावे लागेना.

परवा तिथेही एक गाडी थांबली. माणूस अनोळखी, पण चांगल्या, वाचणाऱ्या घरातला. "मावशी, उन्हाचं कुठं चालत निघालाय? बसा."

वर्षाराणींनी हात जोडून नको म्हटले. आणि गाडीवरचे तुम्ही, वाचकहो, खाली उतरून रुमालाने मागची सीट पुसून दिलीत.