बर्फाचा हात, भट्टीचा हात

बाबांचा हात.

बर्फाच्या कारखान्यातून बाबा घरी आले आणि दारातच त्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावला.

"अगं, भाजतंय तुझं अंग."

"बाबा, तुमच्या हाताला सगळंच भाजतं. परवा भिंतीला ताप होता."

लेक आज पहिल्यांदाच शाळेची बस एकटीने चालवणार होती. वेळेत पोचली नाही, तर बस दुसऱ्याला मिळणार होती आणि तो दुसरा आगाराच्या फाटकापाशी उभाच असायचा.

आईचा हात.

आई बेकरीत भट्टीवर कामाला. पाव भाजून तीही आत्ताच परतलेली. "गार पडलीय पोर," ती लेकीचं कपाळ चाचपून म्हणाली. "गरम चहा घे आधी."

थर्मामीटर.

चहाचा शेवटचा घोट उतरायच्या आत बाबांनी तो तिच्या तोंडात खुपसला. एकशे दोन.

"मी काय म्हणत होतो?"

"चहा प्यायलेय मी आत्ता."

बाबांनी ऐकलं नाही. डब्यातून बर्फाचा खडा काढून तिच्या जिभेवर ठेवला. पुन्हा थर्मामीटर. पंच्याण्णव.

"फारच उतरला," आई म्हणाली. "परत चहा टाकू?"

लेकीने दोघांनाही खुर्चीत बसवलं. न खाता, न पिता, तोंड मिटून ती बराच वेळ बसली. मग थर्मामीटर जिभेखाली धरला.

फोन.

आईने उचलला. आगारातले साहेब होते.

"कुठे आहे ती?"

"इथेच आहे. तोंडात थर्मामीटर आहे."

"आजारी माणसाला मुलांच्या बसवर बसवत नाही आम्ही."

तेवढ्यात थर्मामीटर वाजला. अठ्ठ्याण्णव. लेकीने त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला. उत्तर आलं : या लवकर.

"यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले. सिद्ध करायला त्यांनी ते धुतलं आणि स्वतःच्या तोंडात धरलं. एकशे दोन. "बघा. माझ्यासारख्या धडधाकट माणसालाही ताप दाखवतंय."

चहा त्यांनी घेतलेला नव्हता. आईने उठून त्यांच्या कपाळाला हात लावला. भट्टीवरच्या त्या हाताला आजवर एकही कपाळ गरम लागलं नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तापलायत तुम्ही."

लेकीने स्कूटरची किल्ली उचलली. "आई, यांना झोपव. भरपूर पाणी दे, चादर पातळच घाल. ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे ने." मग बाबांकडे वळली. "आणि तुम्हाला कळलं कसं नाही?"

"तुम्हा सगळ्यांना तपासेपर्यंत," बाबा चादरीतून म्हणाले, "माझा नंबर लागतो कुठे?"