उस्मानचाचा आणि नापास लॉऱ्या

उस्मानचाचा लॉरीचं तेल चाखून बघत असत. हो, अगदी जिभेवर घेऊन. इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, तिच्या टोकाचा काळाकुट्ट थेंब बोटावर घ्यायचा, बोट जिभेला लावायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. भोवती जमलेली माणसं श्वास रोखून उभी. मग चाचा बाजूला पचकन थुंकत आणि म्हणत, "पानी गेलं हाय आत. बीमार हाय. न्हाई घ्यायची."

आमच्या आखाडा बाळापुरात बाजाराच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ते हिंगोली ते औंढा लॉरी चालवायचे. शिवरात्रीला यात्रेकरू, एरवी कापसाच्या गाठी. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा मालकानं लॉरी परस्पर विकून टाकली आणि चाचा सायकली अन् पाण्याची इंजिनं दुरुस्त करत बसले. लढाई संपली आणि फौजेनं काढून टाकलेल्या लॉऱ्या इकडे येऊ लागल्या. ज्याच्याकडे थोडाफार कापूस, त्याला लॉरी हवी झाली. बैलाचे दात बघण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरला नसता, पण लॉरीचं काय बघायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून जो तो चाचांना घेऊन जाई.

त्यांचे नियम कडक. विकणाऱ्याला आधी कळवायचं नाही. भल्या सकाळी जायचं आणि पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचा. बॉनेट गरम लागलं की चाचा आल्या पावली परत फिरत. "थंड असताना चालू होत न्हाई, म्हनून यानं आधीच हँडल मारून ठेवलंय," असं त्यांचं म्हणणं. ताजा रंग दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "नवा रंग काहून? खाली कायतरी झाकून राहिला हा." विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा ते निकाल दिल्याशिवाय घेत नसत. चहा तर लांबच. चहानं माणूस मिंधा होतो, असं ते म्हणत.

मग एक छोटी हातोडी घेऊन ते लॉरीखाली शिरत आणि चासी, म्हणजे लॉरीचा सांगाडा, इंचाइंचानं ठोकून बघत. सांधलेली जागा असली की आवाज बदलतो म्हणे. एकदा असे शिरले ते बराच वेळ काही हालचालच नाही. गिऱ्हाईक बिचारं घाबरलं, वाकून हाका मारू लागलं. खालून आवाज आला, "जरा गप बसा ना. ती बोलून राहिली, ऐकू द्या."

हा सल्ला केवळ लॉऱ्यांपुरता नव्हता. शेजारचे एक गृहस्थ मुलीसाठी स्थळ बघायला निघाले, तर चाचांनी त्यांना रस्त्यात अडवलं. "न सांगता जा. सकाळी जा. आन् पोरगं चढावर चालवून पाहा, धापा टाकतंय का." गृहस्थ आठ दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी.

एवढं सगळं करून चाचांनी आजवर पास केलेल्या लॉऱ्या किती? एकही नाही. लोक चिडत, पण ऐकत.

आमचंही तेच झालं. वडील गेल्यावर घराचा भार थोरल्या दादावर आला. शेतीत भागेना. दादानं बरड जमिनीचा तुकडा विकला, वहिनीनं न मागता हातातल्या पाटल्या काढून दिल्या. लॉरी घ्यायची, कापूस वाहायचा आणि घर वर काढायचं, एवढा एकच बेत आमच्यापाशी होता. तो फसला तर दुसरा नव्हता. चाचांना हे सगळं माहीत होतं. आमच्यासाठी बघितलेल्या पहिल्या सहा लॉऱ्या त्यांनी नापास केल्या. इकडे कापसाची वेचणी सुरू झालेली. दादाला झोप लागेना.

सातवी लॉरी हिंगोलीला एका जिनिंगच्या मागच्या अंगणात उभी होती. तिथला मालक म्हणाला, "आज नेली तर न्या. उद्या लोहार येऊन राहिले. तोडून विळे-कोयते करतील, चाकावरच्या कमानपाट्याचं लोखंड झकास असतं."

चाचा फाटकातच थबकले. मग ते सावकाश पुढे गेले. बॉनेटला हात लावला नाही. सरळ ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन त्यांनी दार जरासं वर उचललं आणि मग ओढलं. ते तसंच उघडत होतं. मी बघत होतो, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तेल त्यांनी चाखलं नाही, हातोडी खिशातच राहिली. मालकानं चहा विचारला, तर दोन कप घेतले! आणि दादाकडे न बघता म्हणाले, "घ्या. बराबर हाय."

आम्ही एवढे हुरळलो की विचारता सोय नाही. चाचांनी लॉरी पास केली! घरी वहिनीनं चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं. सगळी गल्ली बघायला आली.

चौथ्या दिवशी दादा चालवत असताना कळमनुरीच्या चढावर भरल्या मालानिशी लॉरीचा गियर आपोआप निसटला. रेडिएटर गळू लागला. मागचा कमानपाटा तर आधीच मोडलेला निघाला, वर तार गुंडाळून ठेवलेली. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं बैल लावून लॉरी घरी आणली आणि तो ओट्यावर बसून राहिला. वहिनीचे मोकळे हात मला बघवेनात.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही दोघं शेतातून आलो, तर चाचा लॉरीखाली होते. कुणी बोलावलं नव्हतं. गळती बंद झाली होती. दादाचा साठलेला राग उसळला आणि तो ओरडला, "चाचा, काहून केलं असं? आमी तुमच्या भरवशावर होतो."

चाचा बाहेर आले. हाताला तेल, दाढीला माती. खाली बघत म्हणाले, "अकरा वरसं म्या चालवली हिला. फाटकातूनच वळखली. तोडनार म्हनला तो, आन् माही जीभ उचलली न्हाई. तुमच्या घरच्या पाटल्या डोळ्याम्होरं होत्या, तरी उचलली न्हाई. गुन्हा माहा हाय."

दादानं तोंड फिरवलं. चाचांना ते सोसवेना बहुतेक. त्यांनी हातोडी काढली आणि जे हिंगोलीत करायचं होतं ते आता केलं. लॉरीभोवती फिरून एकेक जागा ठोकत सांगू लागले. "हा पाटा मोडका. तीन नंबरचा गियर ठरत न्हाई. चासी इथं सांधलेली, ते काम माह्याच हातचं, ते टिकंल. ब्रेक डावीकडं ओढतो. चढावर तेल पिते." फेरी पुरी झाली तेव्हा ते म्हणाले, "विकून टाका. न्हाईतर म्या फुकट राबतो, मरेपस्तोर. पगार नक्को."

दादाचा राग मला ठाऊक होता. एकदा बिनसलं की तो वर्षानुवर्षं तोंड बघत नसे. मी मनात म्हटलं, संपलं आता.

दादा लॉरीला टेकला. मग म्हणाला, "हिच्या समद्या खोडी ठाऊक असलेला मानूस या मुलखात दुसरा हाय का कोनी?"

चाचांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग चालवायला तुमीच बसा. पगार घ्यावा लागंल, फुकट ठेवनार न्हाई. चार दिवसांत नीट करा आन् कापूस भरायला सकाळी लवकर या."

चाचा वळून चाकाजवळची माती उगाच झाडू लागले. त्यांचे खांदे हलत होते आणि मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटली. मग नाक पुसून, एरवीच्याच खेकसत्या आवाजात ते म्हणाले, "लवकर काहून येऊ? हिला आनल्यापासून रोज राती तुमी निजल्यावर हिच्याच फळीवर झोपून राहिलो म्या. घरी कोन हाय वाट पाहायला?"

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि भाकरीच्या ताटांत एक ताट वाढवलं.