फितीपाशीचा फोटो

तुमच्या घरी फोटो काढताना कोणी हललं तर काय होतं हो? फार तर दुसरा काढत असतील. रत्नागिरीच्या परशुरामाकडे मात्र तसं चालत नसे. परशुराम मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. जुना बोल्ट दाखवल्याशिवाय नवा न देणारा. घरी त्याच्याकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटोंचा रोल तो गणपतीत घालायचा आणि शिमगा झाला की धुवायला द्यायचा. एक फोटो फुकट गेला तर दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नसे.

त्यामुळे घराला शिस्त लागली होती. परशुरामाने "हं" म्हटलं की जो जिथे असेल त्याने तिथे थांबायचं, हात सरळ, हनुवटी खाली, आणि तो "झालं" म्हणेपर्यंत पापणीही लववायची नाही. एकदा "हं" आणि "झालं"च्या मधेच दूध उतू गेलं. मालिनी, त्याची बायको, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली, पण हलली नाही. (फोटो छान आला. मागे दूध उतू जाताना स्पष्ट दिसतं.)

त्यांची मुलगी उर्वी चौथीत होती. शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे या मैदानावरची तिची ही शेवटची धावण्याची शर्यत. आधीची दोन वर्षं ती दुसरी आली होती. यंदा पहिलं यायचं म्हणून ती महिनाभर रोज सकाळी भाट्याच्या समुद्रकाठी वाळूत धावत होती. तिची मागणी एकच होती: छातीने फीत तोडतानाचा फोटो हवा. परशुरामाने वचन दिलं होतं. पण ते जरा जपूनच दिलं होतं, कारण मागच्या दोन वर्षांचे त्याचे फोटो घरात होते. एकात गुरुजींची पाठ होती आणि दुसऱ्यात नुसतं मैदान. (शर्यत तोवर संपून गेली होती.)

नेमका तेव्हाच मालिनीचा धाकटा भाऊ उन्मेष मुंबईहून आला, गळ्यात नवाकोरा डिजिटल एसएलआर अडकवून. कॅमेऱ्याला पुढे एवढी मोठी लेन्स, की मालिनीने आधी तो थर्मासच समजून ठेवायला घेतला. उन्मेषच फोटो काढणार होता, पण शर्यतीच्याच दिवशी त्याला संगमेश्वरला मुलगी बघायला जायचं ठरलं. त्याने कॅमेरा परशुरामाच्या गळ्यात घातला.

"भावोजी, अर्धं बटण दाबलं की फोकस होतो. मग पूर्ण दाबायचं आणि बोट उचलायचंच नाही. पन्नास निघाले तरी निघू देत."

"एका मुलीचे पन्नास?" परशुराम मनात रोल मोजू लागला.

उन्मेषने टिकलीएवढं कार्ड काढून दाखवलं आणि यात पाचशे मावतात म्हणून सांगितलं. परशुरामाने मान हलवली, पण त्याच्यातल्या स्टोअरकीपरला ते काही पटलं नाही. तरी त्याने सूचना एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहून खिशात ठेवल्या.

मैदानावर त्याला वेगळाच अनुभव आला. ती लेन्स बघून लोक आपोआप बाजूला होत होते. मुख्याध्यापकांना वाटलं, हे पेपरवालेच. त्यांनी दोरी उचलून त्याला आत घेतलं, फितीच्या अगदी समोर उभं केलं, वर चहा पाठवला. प्रमुख पाहुण्यांनी त्याच्याकडे बघत तीनदा टोपी सारखी केली. आपण पालक आहोत, एवढं सांगायचं परशुरामाच्या मनात आलं, पण चहा बरा होता. तासाभरात त्याने चार फोटो काढले. तेही जपून.

मग चौथीच्या मुलींची शर्यत लागली. सहा मुली. शिटी वाजली आणि लाल माती उडाली. अर्ध्यावर आल्या तोवर उर्वी पुढे होती, दहा-बारा हात तरी नक्कीच. तिच्यामागे वेदिका, मग बाकीच्या. दोरीबाहेर मालिनी पदर मुठीत धरून उभी होती.

परशुरामाने कॅमेरा डोळ्याला लावला. आत उर्वीचा चेहरा हा एवढा मोठा दिसत होता, पण सारखा हलत होता. हलतंय ते फुकट जाणार, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. अर्धं बटण, पूर्ण बटण, लग्नपत्रिका, सगळं डोक्यातून उडालं. फीत उर्वीपासून चार पावलांवर राहिली, आणि वीस वर्षांची सवय त्याच्या तोंडातून बाहेर पडली.

"उर्वी, इकडे बघ. हं."

उर्वी थांबली.

फितीच्या वीतभर अलीकडे, हात सरळ, हनुवटी खाली, दात पडलेला म्हणून ओठ मिटून हसत, ती उभी राहिली. आता मात्र परशुरामाला उन्मेषची सूचना आठवली. त्याने बटण दाबलं आणि बोट उचललं नाही. कॅमेरा खटाखट चालला. डावीकडून वेदिका आली आणि फीत घेऊन गेली. मग तिसरी गेली, चौथी गेली, एकीमागून एक सगळ्या गेल्या. उर्वी जागची हलली नाही, कारण बाबांनी अजून "झालं" म्हटलं नव्हतं.

"झालं," परशुराम म्हणाला.

"आला का, बाबा?" उर्वीने विचारलं. मग तिने समोर बघितलं. फीत नव्हती.

ती रडली, आणि परशुरामाला कुठे बघावं ते कळेना. मुख्याध्यापकांनी विचारपूस केली, तेव्हा पेपरवाल्यांनी मुलीला का थांबवलं, हा प्रश्न निघालाच. परशुरामाला आपण बाप असल्याचं सांगावं लागलं. त्याला सन्मानाने दोरीबाहेर नेण्यात आलं. रिक्षात बसल्यावर मालिनी उर्वीचे डोळे पुसत राहिली. मग एवढंच म्हणाली, "अहो, तिला पळू द्यायचं होतं."

संध्याकाळी उन्मेष परत आला. त्याने कॅमेरा टीव्हीला जोडला. उर्वी पाठ करून बसली होती. शर्यतीचा पहिलाच फोटो लागला आणि उन्मेष पुढे सरकला.

"भावोजी, काय फोकस आहे. भुवईचा केस न् केस मोजता येतोय." मग दुसरा, तिसरा, चौथा. तेवीस फोटो होते, आणि तेविसांत उर्वी तीच. मागची शर्यत तेवढी पुढे जात होती. उन्मेषने बटण भराभर दाबलं, तशा पडद्यावर पाच मुली सुसाट पळाल्या आणि मधे उर्वी विजेच्या खांबासारखी उभी. उर्वीने मान वळवून पाहिलं. "मामा, परत लाव," ती म्हणाली. तिसऱ्यांदा लावल्यावर तिला हसू आवरेना. मालिनी हसली, उन्मेष लोळला. शेवटी परशुरामालाही हसायचा धीर झाला, तेव्हा उर्वी एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुम्ही नाही हसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदिकाचे वडील दीपक पेढे घेऊन आले. त्यांच्याकडे मुलीचा शर्यतीतला एकही फोटो नीट आला नव्हता. त्यांनी तेवीसही फोटो पाहिले आणि वेदिका फीत तोडते तो नववा पसंत केला. मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, बाजूला उभी आहे ती मुलगी तेवढी कापता येईल का? उर्वीने स्वतःच कुठून कापायचं ते बोटाने दाखवलं. नऊ वाजता परशुराम कार्ड घेऊन स्टुडिओत गेला, फोटो मोठा करून, चौकटीत बसवून आणला आणि दीपककडे पोचवला. त्याने काढलेला फोटो चौकटीत लागण्याची ती पहिलीच वेळ होती.