कंटकविमोचनाची प्राचीन परंपरा

महाराष्ट्र राज्य नवीन होते आणि बुलढाण्याच्या बाजूला निघालेले कॉलेज त्याहून नवीन होते. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनाच्या गोदामात ते जुलैमध्ये उघडले. भिंतींना अजून सरकीचा वास होता, आणि सर फळा पुसू लागले की खडूबरोबर थोडा कापूसही उडे. ऑगस्टात विद्यापीठाची समिती पाहणीला आली. चहा झाला, चिवडा झाला, आणि समितीचे बहुतेक समाधान होत आले असताना अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारले, "आपल्या महाविद्यालयाच्या परंपरा कोणत्या?"

प्राचार्य गद्रे पुण्याहून आले होते. ते शिकले त्या कॉलेजात परंपरांना तोटा नव्हता, पण इथे कॉलेजचे वय होते दीड महिना. "परंपरा म्हणजे..." असे म्हणत त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, आणि त्यांना कडूबा दिसला.

कडूबा देऊळघाटचा. घरी वांग्या-मिरच्यांचा मळा. घराण्यातला पहिला मॅट्रिक. बी.एस्सी. व्हायचे आणि गणित शिकवायचे, एवढे एकच त्याच्या मनात होते. शेतांमधल्या पायवाटेने तो चालत येई आणि पहिल्याच तासाला गणित असल्यामुळे शेवटचा तुकडा पळत येई, कारण गणिताचे सर घंटा झाली की दार लावून घेत. त्या दिवशी बाभळीचा काटा चप्पल फोडून टाचेत गेला. म्हणून तो फाटकाशी पडलेल्या दगडावर टेकला, करदोड्याला बांधलेल्या चिमट्याने काटा उपसला, दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून दगडाखाली सारला, कपाळाला हात लावला आणि लंगडत वर्गाकडे धावला.

"ही आमची परंपरा," प्राचार्य म्हणाले. "ज्ञानमंदिरात शिरण्यापूर्वी विद्यार्थी या शिळेवर बसून मनातला काटा बाहेर ठेवतो, ललाटी हात लावून वंदन करतो आणि नम्रपणे, काहीसा लंगडत, आत येतो."

अध्यक्षांचे डोळे भरून आले. कॉलेजला मान्यता मिळाली, आणि 'सदर परंपरेचे जतन व्हावे, पुढील वर्षी ती प्रत्यक्ष पाहण्यात येईल' असा शेराही मिळाला. आता शेरा मिळाला म्हटल्यावर जतन करणे भागच होते. दुसऱ्या दिवशी सूचना लागली की उद्यापासून सर्व विद्यार्थ्यांनी प्राचीन कंटकविमोचन परंपरा पाळावी; न पाळणाऱ्यास फाटकातून आत सोडले जाणार नाही.

पहिली अडचण शकूरची निघाली. शकूर मूळचा रोहिणखेडचा, गावात मामूकडे राहून सायकलवर येणारा, कडूबाचा बाकावरचा शेजारी.

"सर, माह्या पायात काटाच नाही," तो म्हणाला. "मी सायकलवर येतो."

"काटा ही भावना आहे."

"मंग काढू काय सर? भावना?"

भावना समितीला दिसणार नाही, हे प्राचार्यांनाही पटले. तेव्हापासून मोतीराम शिपाई रोज सकाळी टोपलीभर काटे आणून फाटकाशी बसू लागला. ज्याला नसेल त्याने टोपलीतला काटा टोचून घ्यावा, शिळेवर बसावे, काढावा, पुढे जावे. मुलींना बाभळीऐवजी बोरीचा काटा द्यावा अशी खास सवलत मिळाली. सवलत देणाऱ्याने बोरीचा काटा जन्मात पाहिला नव्हता.

शिळा एक आणि पाय पुष्कळ. रांग लागू लागली. गावातली पोरे लवकर येऊन टोचून-काढून मोकळी होत. पायी येणारा कडूबा नेहमी शेपटाला सापडे. तो बसेपर्यंत घंटा होई. त्याने एकदा गणिताच्या सरांना हात जोडले.

"सर, मी परंपरेतच होतो."

"परंपरा परंपरेच्या जागी, घंटा घंटेच्या जागी," सर म्हणाले आणि दार लागले. मग कडूबा खिडकीखाली उकिडवा बसून कानांनी गणित शिकू लागला. फळ्यावर काय लिहिले ते मात्र कानांना दिसत नसे.

दिवाळीपर्यंत मराठीच्या प्राध्यापकांनी ही परंपरा थेट यादवांच्या काळात नेऊन सोडली. शिळेवर पत्र्याचे छप्पर आले. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात 'सर्वोत्कृष्ट लंगडणे' ही स्पर्धा झाली आणि तिची ढाल एका अडत्याच्या मुलाने जिंकली. तो जीपमधून येई. कडूबा पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याच्या टाचेत त्या दिवशी खरोखरचा काटा होता, पण परीक्षकांना त्याच्या लंगडण्यात कृत्रिमता वाटली.

घरी त्याची आई सोजराबाई मिरच्या खुडता खुडता त्याच्याकडे पाहत राहिली.

"काऊन रे, हे काय शिकून राह्यला तू? चालता येत होतं, ते बी गेलं!"

"माय, परीक्षा झाली की सारं बंद."

पण परीक्षेलाच बसू देणार नव्हते. मार्चमध्ये हजेरी जाहीर झाली आणि गणितात कडूबा कमी भरला. वर्षभर तो खिडकीखाली हजर होता, पण खिडकीखालची हजेरी लागत नसे. वर्ष गेले तर पुन्हा कॉलेज नाही, मळाच, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो तसाच प्राचार्यांच्या खोलीत शिरला.

"सर, ते परंपरा-बिरंपरा काही नव्हतं. मले काटा रुतला होता. त्या दिवशी खिडकीतून दिसला तो मीच."

प्राचार्य पांढरे पडले. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. त्यांनी उठून दार लावले, परत आले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तू परंपरेचा मूळ पुरुष!"

"नाही सर, मी कडूबा."

"ऐक. मूळ पुरुषाला हजेरी लागत नाही. ज्याच्यामुळे सगळे येतात, तो गैरहजर कसा असेल? तू परीक्षेला बसशील. पण परंपराच नसेल तर मूळ पुरुष कुठला? मग राहिला नुसता कमी हजेरीचा विद्यार्थी." ते थांबले. "तर मग, काय होतं ते?"

कडूबाला खरे बोलायचे होते. त्याने तोंड उघडलेही. मग त्याला मिरच्या खुडणारी माय दिसली, आणि लाजेने कान तापलेले असतानाच तो म्हणाला, "परंपराच होती सर."

"प्राचीन?"

"हाव सर. लई प्राचीन."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्याने शिळेवर बसून दाखवले. शकूर रांगेतून पुटपुटला, "वा बे, मूळ पुरुष!" कडूबाने तिकडे पाहिले नाही. तो परीक्षेला बसला, पास झाला, पुढे एम.एस्सी. झाला आणि त्याच कॉलेजात गणित शिकवू लागला. सोजराबाईने सगळ्या देऊळघाटात पेढे वाटले.

दरम्यान पायवाटेचा रस्ता झाला, डांबर पडले आणि वाटेतल्या बाभळी तुटल्या. त्यामुळे काटे आता एस.टी.ने मेहकरकडून मागवावे लागत. एका जुलैत गुलनार नावाची नवी विद्यार्थिनी धापा टाकत वर्गाच्या दाराशी आली. टाचेतून रक्त येत होते.

"सर, रांगेत वेळ झाला. घरून निघताना पाय चांगला होता माहा. मंग हे काटे टोचतेत काऊन?"

कडूबासरांनी तिच्या टाचेकडे पाहिले. त्यांना कसेसेच झाले. एवढ्यात घंटा झाली.

"परंपरा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतले.

वाचक हो, हसलात, बरे वाटले. आता उठाल तेव्हा दाराशी एखादी चप्पल उलटी पडलेली दिसेल. ती तुम्ही मुकाट्याने सरळ कराल. घरातल्या पोरीने 'काऊन?' म्हणून विचारलेच, तर तुम्ही काय सांगाल, ते आम्हाला ठाऊक आहे.